माहेरी राहिलेल्या नऊ लेकी

तालुक्यात पहिला नंबर आला म्हणून मला भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. १९८८ सालची गोष्ट. या बाईंच्या गावात जन्म एक्केचाळीसवरून चोवीसवर आले, असं साहेबांनी माईकवरून सांगितलं. टाळ्या झाल्या आणि मी, सुलोचना रामटेके, उपकेंद्राची नर्स, खाली मान घालून घड्याळ घेऊन आले. लोकांना वाटलं बाई लाजल्या. लाजले नव्हते, घाबरले होते. जन्म कमी झाले होते हे खरं, पण त्यात माझं कर्तृत्व पाऊस पाडण्यात बेडकाचं असतं तेवढंच होतं.

खरं कारण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमचं गाव आंधळगावपासून दोन कोसांवर, धानाचं. त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी गावातला एक जण नागपूरच्या एका कापडमिलमध्ये लागला. त्यानं आपल्या ओळखीच्या पोरांची स्थळं गावात आणली, आणि मग पायंडाच पडला. मिलमधला जावई म्हणजे महिन्याच्या महिन्याला बांधलेला पगार. धानाचं काय, पिकलं तर पिकलं. ज्याची लेक मिलमध्ये दिली तो बाप चावडीवर जरा ताठ बसायचा. मग शहाऐंशी साली मिलला आधी ले-ऑफ लागला आणि पाठोपाठ कुलूप.

त्याच वर्षी गावात जन्म एकदम वाढले. साहेबांनी मला मीटिंगमध्ये उभं केलं आणि विचारलं, "बाई, झोपा काढता का गावात?" मी काय सांगणार? आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही रीत साहेबांच्या बायकोलाही लागू होती. त्या वर्षी गावच्या नऊ लेकी नागपुराहून बाळंतपणाला आल्या होत्या. काहींचं तर दुसरं होतं, पण तिकडे दोन वेळच्या भाताची मारामार, म्हणून दुसऱ्यालाही बापाच्या घरी. पाळणा नागपूरचा, पण हलला आमच्या गावात, म्हणून आकडा माझ्या वहीत पडला. नागपूरच्या मिलवाल्यांच्या वस्तीत जी नर्स होती तिचे जन्म कमी झाले, तिला शाबासकी मिळाली असणार.

पुढची दोन वर्षं उलटं झालं. आलेल्या लेकी परत गेल्याच नाहीत.

यात माझा एक ठोकताळा होता, तो कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलेला नव्हता. नवरा संध्याकाळी घरी जेवायला येतो की नाही, एवढंच बघायचं. वरठीकडच्या गावांत माझी एक मैत्रीण नर्स होती. तिकडे पोलादाच्या कारखान्याचं काम निघालं होतं, माणसं सायकलीवर सकाळी जायची आणि दिवेलागणीला परत यायची. मजुरी कमीजास्त झाली तरी तिचे जन्म काही हलले नाहीत. ती बिचारी टार्गेटपायी रडकुंडीला यायची. आमच्याकडे सत्त्याऐंशीला पाऊस दगा देऊन गेला, रोवणे म्हणजे धानाची लावणीच झाली नाही, आणि निम्मे गडी रायपूरकडे वीटभट्ट्यांवर गेले. त्यांच्या बायका घरी एकट्या. आणि या नऊ लेकी, नवरे नागपुरात आणि त्या इथं. पोरं होणार कुठून?

त्या नऊजणींत तेजरामभाऊची चंद्रकला होती. तिचीच ही गोष्ट आहे.

तेजरामभाऊ म्हणजे पाच एकर धानाचा शेतकरी, बोलायला कमी आणि अब्रूला फार जपणारा. त्याची बायको गोदावरीबाई. मी पहिल्यांदा गावात आले तेव्हा ही गोदावरीबाई मला ओट्यावरच बसवायची, पाणी वरून ओतायची. मग तिच्या सुनेचं बाळंतपण अडलं, मी रात्रभर आतल्या खोलीत होते, आणि त्यानंतर मी त्या घरात चुलीपर्यंत जाऊ लागले. चंद्रकला सातव्या महिन्यात आली. दोन महिन्यांनी मुलगी झाली, माझ्याच हातांवर. जागेश्वर, तिचा नवरा, बारशाला आला, लाजत लाजत मुलीला हातात घेतलं आणि सव्वा महिन्यानं न्यायला येतो म्हणून गेला. तो सव्वा महिना अडीच वर्षं चालला.

आमच्याकडची रीत अशी, की लेकीला न्यायला जावयानं यावं. बायकोला लुगडं, लेकराला आंगडं-टोपडं, आळीत वाटायला काहीतरी गोड. मग माहेरून शिदोरी बांधून लेक निघते. जावई आल्याशिवाय बापानं लेक पोचवून द्यायची नाही. दिली तर लोक म्हणतात, बापाला भात जड झाला. आणि जावयानं हात हलवत यायचं नाही. आला तर लोक म्हणतात, याच्याकडे खायला नाही, कशाला धाडता लेक. म्हणजे दोन्हीकडून दार लोटलेलं आणि कडी कोणाच्याच हातात नाही. पैसे होते तोवर ही रीत गोड वाटायची. मिल बंद पडल्यावर तिनं नऊ संसार अर्ध्यात अडकवून ठेवले.

पहिलं वर्ष चंद्रकला नीट होती. घर सारवायची, भावाच्या पोरांना आंघोळी घालायची. दुसऱ्या वर्षी दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत निंदायला जाऊ लागली, म्हणजे माहेरी आपलं आणि पोरीचं ओझं नको. वहिनी काही बोलायची नाही, पण भाताचं भांडं जरा जोरात आपटायची. विहिरीवर बायका विचारायच्या, "काहून वो चंद्रकला, जवाई अजून नाही आले?" आधी काळजीनं विचारायच्या, मग सवयीनं, मग मजेनं. एकदा ती माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला आली आणि गोळी हातात घेऊन बसूनच राहिली.

"बाई, मले टाकलं असन का त्यायनं?"

"वेडी आहेस का? मिल बंद आहे त्याची."

"मिल बंद असली तं मानूस बी बंद होते का?" ती म्हणाली आणि गोळी पदराला बांधून निघून गेली. खरं तर मलाही तोच संशय होता.

आता माझी चूक सांगते. माझ्याकडे जोडप्यांची एक नोंदवही होती. गावात सहा महिन्यांच्या वर राहणारी प्रत्येक लग्नाची बाई तिच्यात घ्यायची, आणि तिच्या नावासमोर लिहायचं की ती काय साधन वापरते. ऑपरेशन, तांबी, गोळ्या, निरोध. या नऊजणींची नावं नियमानुसार घेतली. साधनाचा रकाना कोरा ठेवला. वही तपासायला साहेब आले तेव्हा त्यांनी कोऱ्या जागांवर बोट आपटलं. "दोन वर्षं यांना पोर नाही आणि साधनही नाही? मग या काय व्रत करतात? रकाना कोरा चालणार नाही." मी म्हटलं, "साहेब, यांचे नवरे इथं नसतात." साहेब म्हणाले, "तसा रकाना आहे का?" नव्हता. मला संध्याकाळची एसटी गाठायची होती. निरोधची पाकिटं मी घरोघरी वाटतच होते, या नऊ घरांतही टाकली होती, कारण वाटपाचंही टार्गेट असतं. म्हणून नऊही नावांपुढे 'निरोध' लिहून मोकळी झाले. कागदी घोडे नाचवायचेच तर नऊ आणखी, असं मनात म्हटलं. त्या घोड्यांच्या टापा कोणाच्या अंगावर पडतील याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

घड्याळ मिळालं आणि महिन्याभरानं पडताळणी लागली. पहिल्या नंबरच्या गावात सगळं खरं आहे ना हे बघायला जिल्ह्यावरून एक पोरगेला माणूस यादी घेऊन आला. मी त्या दिवशी लसींचा डबा आणायला मोहाडीला गेले होते. धान कापून झालं होतं, तेजरामभाऊच्या खळ्यावर मळणी चालली होती, आळीतल्या दहाबारा बाया तिथंच. हा माणूस खळ्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि यादीतून मोठ्यानं वाचू लागला.

"चंद्रकला जागेश्वर कोण?"

चंद्रकलेनं सूप खाली ठेवलं.

"तुम्ही दोन वर्षांपासून निरोध वापरता ना? नियमित वापरता? पाकिटं वेळेवर मिळतात?"

त्याचा काही दोष नाही, त्याला तसं विचारायला सांगितलं होतं. पण खळ्यावरच्या साऱ्या बायांची सुपं थांबली. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "दोन वर्सांपासून? अन जवाई तं अडीच वर्सांपासून आला नाही गावात." बस्स. पराचा कावळा व्हायला आणखी काय लागतं?

मी संध्याकाळी परतले तेव्हा तेजरामभाऊ माझ्या खोलीच्या पायरीवर बसलेला होता. आत या म्हटलं तर आला नाही.

"बाई," तो म्हणाला, "माह्या पोरीच्या नावासमोर तुमी काय लिवलं?"

मी सगळं सांगितलं. साहेब, रकाना, एसटी, सगळं. तो ऐकत होता. त्याचा विश्वास बसला, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

"मी मानतो तुमचं. पन मी मानून का होते? गावानं मानलं पायजे, नागपूरवाल्यायनं मानलं पायजे. आपल्या गावचा गोपीचंद शनवारी नागपूरले जाऊन राहिला वांगे घेऊन. त्याची बहीन जवायाच्याच वस्तीत हाय. हे तिथं गेलं तं पोरगी माही जल्माची बसन."

त्यानं आवाज चढवला नाही. उठताना पायरीला हात टेकून उठला, इतकंच.

मी गोदावरीबाईकडे गेले. चंद्रकला मागच्या अंगणात भांडी घासत होती. माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, चंद्रकला, मी चुकले. ती राख हातावर घेऊन म्हणाली, "तुमी माह्याशीच असं कराल असं नव्हतं वाटलं बाई. बाकी कोनी केलं असतं तं चाललं असतं." तिथून उठून खोलीवर आले, शुक्रवारची रजा लिहून ठेवली आणि पहाटेच्या एसटीनं वरठीला जाऊन नागपूरची पॅसेंजर पकडली. गोपीचंदच्या वांग्यांच्या आधी मला पोचायचं होतं.

बंद पडलेल्या मिलच्या मागची ती वस्ती. पत्ता विचारत गेले. एवढ्या माणसांत पाळणा म्हणून एकही दिसला नाही, हे नर्सच्या डोळ्याला लगेच कळतं. पुरुष दिवसाढवळ्या दारांत बसलेले, आणि बायका कामाला गेलेल्या. जागेश्वरची खोली एकच. दारात त्याची आई शकुनबाई अडकित्त्यानं सुपारी फोडत बसली होती, किलोमागच्या मजुरीनं. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी घाबरून विचारलं, "नात बरी हाय नं माही?"

बरी आहे म्हटल्यावर तिनं एका दमात तक्रार सुरू केली. "म्या म्हनतो रोज, जाय, घेऊन ये. ऐकते कोन? म्हनते, लुगडं घ्याले पैसे येऊ दे. दोन वर्सं झाली लुगड्याले. अन ते लोक बी मोठे मानाचे, नातीले पाहाले बी आनत नाही." म्हणजे तिकडे तेजरामभाऊ वाट बघत होता आणि इकडे ही.

जागेश्वर इतवारीच्या बाजारात पोती उचलायला जात होता, दुपारी जेवायला आला. बारशाला पाहिलेला माणूस हाच का असं वाटलं, इतका वाळला होता. मी फिरवून बोलणं टाळलं. त्याच्या आईसमोरच सांगितलं, की तुमच्या बायकोच्या नावापुढे मी खोटं लिहिलं आहे, गावात त्याचा बोभाटा झाला आहे, आणि उद्या तुमच्या कानावर जे येईल ते माझ्या लेखणीतून निघालेलं असेल, तिच्या वागण्यातून नाही. नोंदवही पिशवीत होती, ती उघडून दाखवली. नऊ नावं, एकाच शाईत, एकाच दिवशी लिहिलेली.

शकुनबाईचा अडकित्ता थांबला. तिचा चेहरा आवळला, आणि मला वाटलं आता ही बोलणार. पण जागेश्वर आधी बोलला.

"बाई, एवढं सांगाले तुमी पॅसेंजरनं आल्या? मी चंद्रकलेले ओयखत नाही का?"

एवढंच म्हणाला आणि हात धुवायला उठला. मी येताना रस्ताभर या माणसाबद्दल काय काय मनात आणलं होतं. संशयी असेल, दुसरी केली असेल, दारूला लागला असेल. त्या सगळ्याबद्दल मला तोंडात मारल्यासारखं झालं. शकुनबाईनं पुन्हा सुपारी फोडायला घेतली आणि मला म्हणाली, "जेऊन घ्या. भातासंग नुसतं वरन हाय."

जेवून निघाले तेव्हा तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेत मी रागावले. ओळखता ना बायकोला, मग अडीच वर्षं का नाही आलात? लुगडं नसलं तर नसलं, बायकोच्या डोळ्याला पाणी लावून ठेवण्यापेक्षा फाटका सदरा परवडला असता. एकदा भेटून तरी यायचं.

"भेटाले गेलो असतो तं एकटा परत कसा आलो असतो बाई? जवाई आला अन बायको टाकून गेला, असं झालं असतं."

"मग आणायचं होतं तिला."

इतवारीच्या पुलावर येईपर्यंत तो माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून, खाली बघत चालत होता. मग म्हणाला, "तुमी नर्सबाई हा म्हनून सांगतो. मायले बी नाही सांगितलं. लुगडं बिगडं काई नोहे. आनलं असतं तं वर्सभरात दुसरं झालं असतं. एका खोलीत माय, आमी, ते लहान लेकरू. मिल बंद. बाजूच्या खोलीतल्याचं तान्हं दुधाबिगर गेलं, मी पाह्यलं. त्याले मातीत ठेवाले मीच गेलतो. त्या दिवशी ठरवलं, दूर राह्यलो तं होनारच नाही. इतक्यातनं मिल सुरू होईन, मंग आनीन. मिल काई सुरू झाली नाही."

वीस वर्षं मी बायकांना साधनं सांगत होते. हा माणूस अडीच वर्षं बायकोशिवाय राहिला, कारण त्याला एवढंच साधन ठाऊक होतं.

"अहो जावईबापू, याला उपाय असतात. सरकार फुकट देतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"कोन सांगन? वस्तीत नर्सबाई येते, बायाइशी बोलते. माही बायको तं तुमच्या गावात."

आणि गावात मी काय करत होते? ज्या घरात नवरा नाही त्या घरात निरोधची पाकिटं ठेवत होते. ज्याला हवी होती तो साठ किलोमीटरवर पोती उचलत होता, आणि पुरुषाशी असलं बोलायचं नाही म्हणून माझ्यासारखीच एक नर्स त्याच्या दारावरून पुढे जात होती. मला स्वतःचा इतका संताप आला, की तिथंच रडू फुटलं. तो बिचारा घाबरला. म्हणाला, बाई, मी काई चुकीचं बोललो का?

मी डोळे पुसले आणि पिशवीतली होती नव्हती ती सगळी पाकिटं त्याच्या हातात दिली. सगळ्या नोकरीत पुरुषाच्या हातात मी ती पहिल्यांदाच देत होते, तीही गावच्या जावयाच्या. तो कानापर्यंत लाल झाला, मीही झाले असेन. कसं वापरायचं, तांबी कुठं बसवतात, सगळं त्याला पुलावर उभं राहून सांगितलं. शेजारून भाजीच्या हातगाड्या जात होत्या. त्यानं शाळेतल्या पोरासारखं ऐकून घेतलं.

"आणि गुरुवारी न्यायला या," मी म्हटलं. "तसेच या. लुगडं-बिगडं काही नको. तेजरामभाऊला मी सांगते."

गावात आल्यावर मी ते नऊ रकाने खोडले आणि समोर लिहिलं, 'नवरा कामासाठी परगावी'. साहेबांकडे जाऊन तेही सांगितलं आणि घड्याळ त्यांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "बाई, रिपोर्ट वर गेला. आता तुमच्या खरेपणाचं मी काय करू?" पुढे मला मेमो आला, एक वेतनवाढ अडली. त्याचं फार काही वाटलं नाही. साहेब वाईट माणूस नव्हता, उंटावरून शेळ्या हाकण्याचीच त्याला नोकरी होती.

तेजरामभाऊला समजावणं जास्त कठीण गेलं. "रिकाम्या हातानं येईन म्हनता?" त्यानं दोनदा विचारलं. जागेश्वरनं पुलावर सांगितलेलं मी त्याला सांगितलं नाही, सासऱ्याला कसं सांगणार? गोदावरीबाईला मात्र कानात सांगितलं, आणि तिनं चंद्रकलेला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी चंद्रकला माझ्याकडे आली, माझी पाण्याची घागर भरून ठेवली आणि गेली.

गुरुवारी दुपारच्या एसटीनं जागेश्वर आला. अंगात कोणाचा तरी मागून आणलेला पांढरा सदरा, खांद्यांवर सैल. आळीतल्या बाया आपापल्या ओट्यांवर काही ना काही निवडत बसलेल्या. तो सगळ्यांच्या समोरून हात हलवत चालत आला. मी गोदावरीबाईच्या दाराशी होते, तिनंच मला बोलावून घेतलं होतं. तेजरामभाऊनं पाय धुवायला पाणी दिलं. त्यानं जावयाच्या हातांकडे एकदाही पाहिलं नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

चंद्रकला चौकटीत येऊन उभी राहिली. तिनं गाठोडं आधीच बांधलं होतं. तरी निघाली नाही.

"अडीच वर्सं तुमी एकट्यानं ठरवलं, दुसरं लेकरू नाही पायजे," ती म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली, बापासमोर म्हणाली, आणि तिचा आवाज स्वच्छ होता. "बरोबरच ठरवलं. चिठ्ठी टाकून मले इचारलं असतं तं म्या बी तेच म्हटलं असतं. पन इचारलं असतं नं. मी इथं बायाइचं आयकत होतो, की मले टाकलं."

जागेश्वर पायांवरचं पाणी बघत उभा राहिला. "चुकलं," म्हणाला.

पोरगी आजीच्या लुगड्याआडून बघत होती. अडीच वर्षांची, केस पिंगट, हातात अर्धी भाकर. ती या घरात वाढली, आणि या घरात बाहेरून येणारा जो काही तरुण माणूस असतो तो मामा. तिनं गोदावरीबाईचा पदर ओढला.

"आजी, मामा आला."

कोणी हसलं नाही. गोदावरीबाई घाईनं म्हणाली, "मामा नोहे माय, बाप होय तुहा." पोरीला ते कळलं नाही. तिनं पुन्हा त्याच्याकडे बघून, नीट ओळख पटवल्यासारखं, म्हटलं, "मामा."

चंद्रकलेनं तोंडाला पदर लावला. जागेश्वर उकिडवा बसला, पोरीच्या उंचीला. मग म्हणाला, "हो. मामा तं मामा. ये."

ती गेली. मामाकडे जायला तिला कधीच भीती वाटत नसे, कारण मामा आला की त्याच्या मुठीत काहीतरी असतं. फुटाणे, बोरं, कधी लाल गोळी. तिनं त्याची उजवी मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. काही नव्हतं. मग डावी उघडली. तिच्यातही काही नव्हतं. पोती उचलून फुटलेले घट्टे होते नुसते. ती थोडा वेळ त्या दोन्ही हातांकडे पाहत राहिली, मग आपल्या हातातली भाकर मोडली आणि एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

जागेश्वरनं तो खाल्ला. खाताना त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग त्यानं तिला उचलून घेतलं, आणि ती रडली नाही.